राजेंद्र नगरची चक्की: मालवी गहू खरंच मालवी आहे, मी गुणसूत्रं मोजून पाहिली

इंदूरच्या राजेंद्र नगरात नवीन राहायला आलेलं कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतं की बाफल्यासाठी (आधी उकळून मग भाजलेले कणकेचे गोळे) मालवी गहू कुठे घ्यायचा, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. मार्केटकडे जाताना डाव्या हाताला जी चक्की आहे, पाटीवर नाव नाही, नुसतं आटा चक्की लिहिलंय, ती. काका-काकू दोघं चालवतात, मदतीला एक पोरगा आहे. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि एमएस्सीला माझा विषय सायटोजेनेटिक्स होता, म्हणजे गुणसूत्रांचा अभ्यास, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे, कारण या दुकानाचा गहू मी नुसता खाल्ला नाहीये, मायक्रोस्कोपखाली मोजलाय.

आधी दुकान. आत शिरलं की भिंतीला लागून पत्र्याच्या कोठ्या, लोकवन, शरबती, मालवी, जव, मका आणि शेवटची खपलीची, ती कधी भरलेली असते कधी रिकामी. प्रत्येक कोठीत तिचं वेगळं माप. चार वर्षांत लोकवनचं माप मालवीत गेलेलं मी एकदाही बघितलं नाही, पोराने एकदा गडबडीत शरबतीचं माप उचललं तर काकूंनी गल्ल्यावरूनच हाक मारली, "अरे ते नाही, बाजूचं!" दळायला दोन चक्क्या आहेत, एक गव्हाची आणि एक डाळींची, त्यामुळे पोळीच्या पिठाला हरभऱ्याचा वास येत नाही. दगडाला टाकी लावली की पहिलं दळण ते स्वतःचं टाकतात म्हणजे कचकच गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मालवीच्या कोठीवर खडूने वाणाचा नंबर लिहिलेला असतो, मागच्या वेळी एचआय 8759 होता म्हणजे पुसा तेजस. एचआय म्हणजे हायब्रीड इंदूर, आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राचे वाण आहेत हे, आणि एक सोपी खूण लक्षात ठेवा, हल्लीच्या एचआय वाणांचा चार आकडी नंबर 8 ने सुरू होत असेल (8498, 8663, 8713, 8759) तर तो मालवी म्हणजे कठिया म्हणजे ड्युरम, आणि 1 ने सुरू होत असेल, जसा 1544, तर तो पोळीचा नेहमीचा गहू.

आता मी मोजायला का बसले ते सांगते. या चक्कीच्या आधी मी दुसरीकडे जायचे, नाव लिहीत नाही. पुण्याहून नणंद आणि तिची मुलं आली होती, पहिल्यांदाच दाल-बाफले खाणार होती, मी दहा किलो "अस्सल मालवी" घेतला, त्यातला पाच किलो जाडसर दळून आणला, मोहन नीट घातलं, ओवा, हळद, सगळं आईच्या पद्धतीने, आणि हळदीच्या उकळत्या पाण्यात बाफले सोडले तर दहा मिनिटांत वरचा थर सुटून पाण्यात यायला लागला. भाजल्यावर आत चिवट, बाहेर मऊ. फोडून तुपात बुडवला की मालवीचा बाफला कसा रवाळ भुगा होतो, तसं काहीच नाही, पावासारखा ताणला जात होता. वन्सं काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं ते, आणि डब्यात उरलेल्या दाण्यांकडे बघताना वाटलं की आपल्याला हे तपासता येतं की, मग तपासत का नाही.

कृती अगदी साधी आहे, कॉलेजात शंभरदा केलेली. दाणे ओल्या फिल्टर पेपरवर ठेवायचे, दोन दिवसांत बोटाच्या पेराच्या निम्मं मूळ येतं, मग ते दाणे बर्फाच्या पाण्यात थर्मासमध्ये एक दिवस, म्हणजे विभागणाऱ्या पेशी नेमक्या गुणसूत्रं आखूड-जाड झालेल्या टप्प्यावर अडकतात. मग मुळाचं टोक कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात, नंतर ॲसिटोकार्मिनमध्ये थेंबभर ॲसिड टाकून स्पिरिट लॅम्पवर कोमट करायचं, स्लाइडवर घेऊन वर काच ठेवून सुईच्या मागच्या टोकाने टकटक करायचं आणि शेवटी ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, अंगठा जरा जरी सरकला तरी सगळं गेलं. गव्हाची गुणसूत्रं मोठी असतात म्हणून शाळेच्या मायक्रोस्कोपवर पण दिसतात, लालसर काड्यांसारखी पसरलेली, मधे एक खाच.

मालवीत ती 28 असायला हवीत. पोळीच्या गव्हात, मग तो लोकवन असो की शरबती, 42. जवात 14. हा फरक लपवता येत नाही. जुन्या दुकानाच्या दाण्यांत मला 14 दाण्यांची नीट मोजता येईल अशी स्लाइड मिळाली आणि त्यातले 9 निघाले 42 चे. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकवन किंवा तसलाच काहीतरी. दुसऱ्याच दिवसापासून मी ते दुकान सोडलं.

मग या चक्कीचा गहू मोजला. मालवीचे 22 दाणे, सगळे 28. खपलीचे 8, सगळे 28. जव 14. तेव्हापासून दरवर्षी नवीन माल आला की अकरावीच्या मुलांकडून प्रॅक्टिकल म्हणून करून घेते, काकांना आधी सांगूनच दाणे नेते, आणि काका दरवेळी "न्या ताई, मोजा" म्हणून मूठभर दाणे फुकट देतात.

14, 28, 42 हे सगळं सातच्या पाढ्यात का बसतं ते आता सांगते कारण बाफल्याचं उत्तर त्यातच आहे. गवताच्या या कुटुंबात एका संचात सात गुणसूत्रं. जवाकडे सातची एक जोडी म्हणजे 14, तसंच रानटी एकदाणी गव्हाचं. फार पूर्वी, शेती सुरू व्हायच्याही कितीतरी आधी, अशा एका रानटी गव्हाचा (त्याचा संच ए) दुसऱ्या एका गवताशी (संच बी) संकर झाला. असा संकर सहसा वांझ निघतो कारण एकाच्याही गुणसूत्राला जोडीदार नसतो, पण कधी कधी बीजांडात आणि परागात अर्धं न होता पूर्ण माप उतरतं, आणि मग दुप्पट होऊन प्रत्येकाला स्वतःची जोडी मिळते. हा झाला 28 चा गहू, खपली त्यातलीच, मालवी त्यातलाच. पुढे साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे शेतात उभ्या असलेल्या या 28 वाल्यात एजिलॉप्स टॉशी नावाच्या बांधावरच्या गवताचा (संच डी) पराग पडला, पुन्हा दुप्पट झालं, आणि 42 चा पोळीचा गहू आला. जपानच्या साकामुराने 1918 साली हे 14-28-42 पहिल्यांदा नीट मोजले, डी संच कुठल्या गवताचा ते 1944 मध्ये जपानात किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीअर्स यांनी वेगवेगळं शोधून काढलं.

म्हणजे मालवीत डी संच नाही. गव्हाचा दाणा मऊ करणारी प्युरोइंडोलिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांचे जीन (जनुकं) पोळीच्या गव्हात 5डी, म्हणजे डी संचातल्या पाचव्या गुणसूत्रावर बसलेत, मालवीकडे ते गुणसूत्रच नाही म्हणून दाणा दगडासारखा कडक, दातात धरला तर कट्ट वाजतो, आणि दळला की भुरभुर पीठ न होता रवा पडतो. ताणली जाणारी लवचिक कणीक होण्यात ज्या ग्लुटेन प्रथिनांचा मोठा हात असतो त्यांचे काही महत्त्वाचे जीनही 1डी वर. मालवीची पोळी जराशी तुटकी होते आणि बाफला मात्र रवाळ होतो, ते यामुळे. माझ्या आईला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं पण ती हाताने दाणे चोळून सांगायची हा बाफल्याचा, हा पोळीचा.

खपली आणि मालवी दोन्ही 28, मग खपलीचं टरफल का सुटत नाही? तो मुख्यतः 5ए वरच्या क्यू नावाच्या एका जीनचा खेळ आहे. खपलीला कांडायची मजुरी वेगळी लागते आणि भाव चढतो तो त्यामुळेच, काका उगाच जास्त घेत नाहीत एवढंच सांगायचंय.

आता खरी गोष्ट. यंदा डिसेंबरमध्ये लोकवन मोजताना वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, "मॅम, 41 येतायत." मी म्हटलं एखादं दुसऱ्यावर चढलं असेल, परत मोज. दुसरी पेशी 41. तिसरी पेशी 41. मी स्वतः बसून मोजलं, फोटो काढून पेनाने एकेकाला टिक करत, 41. मुलगी लगेच म्हणाली म्हणजे चक्कीवाल्या काकांनी भेसळ केली का? आणि मला इतका आनंद झाला त्या प्रश्नाचा, कारण याचं उत्तर सांगायला मिळावं म्हणून तर मी शिक्षिका झाले.

भेसळ नाही. मालवी मिसळला असता तर 28 आले असते, मालवी-लोकवनचा संकर असता तर 35. 41 म्हणजे त्याच गव्हातलं एक गुणसूत्र कमी, त्या दाण्याच्या आईच्या किंवा बापाच्या बाजूने एक वाटणीत (बीजांड किंवा पराग बनताना गुणसूत्रं अर्धी-अर्धी वाटली जातात तेव्हा) हरवलं. जवात असं झालं असतं तर तो दाणा बहुतेक रुजलाच नसता. धोतऱ्याचं उदाहरण बघा, महाशिवरात्रीला आपण ज्याचं फळ वाहतो तो, त्याची 24 म्हणजे 12 जोड्या, ब्लेकस्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात त्यात एकेक जादा गुणसूत्र असलेली 12 प्रकारची झाडं वेगळी केली आणि प्रत्येकाच्या फळाचा आकार वेगळा, एक गोल, एक लांबट, एक जास्त काटेरी. दोनाच्या जागी तीन झाले की एवढा फरक पडतो. आणि आमचं 41 चं गव्हाचं रोप बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं तर ओळखू येत नाही.

कारण असं की गव्हात प्रत्येक गुणसूत्राचे दोन चुलते आहेत. 1ए, 1बी, 1डी, तिघं वेगवेगळ्या गवतांकडून आलेत पण त्यांच्यावर बहुतेक तेच जीन त्याच क्रमाने. प्रत्येक कामाला जोडी धरून सहा हात. त्यातला एक गेला तरी पाच उरतात, सहा सुनांच्या घरात एक माहेरी गेली तरी चूल पेटते तसं. जवात दोन हात, एक गेला की काम निम्म्यावर, आणि पेशीत प्रथिनं ठरलेल्या प्रमाणात एकमेकांत बसतात, एक निम्मं झालं की बाकीच्यांचाही मेळ बिघडतो. गव्हातही मेळ थोडा बिघडतोच, पण थोडा.

हे पद्धतशीर सिद्ध केलं अर्नेस्ट सीअर्स या माणसाने, अमेरिकेतल्या मिसूरीत. चायनीज स्प्रिंग नावाचा एक साधाच गहू घेऊन त्याने 21 च्या 21 गुणसूत्रांसाठी एकेक कमी असलेली ओळ (म्हणजे झाडांचा वेगळा वंश) तयार केली, मग अख्खी जोडीच नसलेल्या, आणि मग ज्यावर माझं प्रेम आहे तो प्रयोग, एक जोडी पूर्ण काढायची आणि तिच्या चुलत्याची दुप्पट करायची. 3बी नाही पण 3ए चार. जोडी नसताना खुरटलेलं, कमी दाण्याचं झाड चुलत्याची मदत मिळाली की बऱ्यापैकी सावरतं, आणि चुलता नसलेल्या दुसऱ्या कुणाची मदत दिली तर सावरत नाही. सात गटांत तीन-तीन चुलते आहेत हे त्याने असं नात्यावरून शोधलं, 1954 साली त्यातलं मुख्य काम छापलं. तेव्हा डीएनए वाचायची सोयच नव्हती! माझ्या एमएस्सीच्या वहीत त्या ओळींचा तक्ता मी लाल-निळ्या पेनाने काढलेला अजून आहे.

मुलीने पुढचा प्रश्न विचारला तो आणखी चांगला, की मग गहू हळूहळू 41, 40, 39 असा विस्कटत का नाही जात. त्याला दोन चाळण्या आहेत. पहिली परागाची. 41 वाल्या झाडात वाटणीच्या वेळी 20 जोड्या नीट होतात आणि एक एकटं मधेच लोंबकळत राहतं, बऱ्याचदा मागे पडून हरवतं, त्यामुळे बीजांडांत शंभरात 75 जवळपास 20 वालीच. परागही तसेच 20 वाले जास्त बनतात, पण पराग नळी वाढवत धावतो तेव्हा 21 वाले पुढे जातात आणि 20 वाल्यांतले शंभरात चार-एक पोचतात. म्हणून 41 च्या झाडाच्या पोटी साधारण 24 टक्के पुन्हा पूर्ण 42, 73 टक्के 41 आणि जेमतेम 3 टक्के 40. आणि दुसरी म्हणजे ते 40 वाले दुबळे, शेतात बाकीच्यांपुढे टिकत नाहीत.

पण याच्याही आधीचा बंदोबस्त वेगळाच आहे. तीन चुलते इतके सारखे दिसतात तर वाटणीच्या वेळी 1ए ने चुकून 1बी चा हात का नाही धरला? धरला तर गोंधळच, तीन-चार जणांची साखळी होते, वाटणी असमान होते आणि प्रत्येक पिढीत आकडे वरखाली. 1958 मध्ये इंग्लंडात रायली आणि चॅपमन, अमेरिकेत सीअर्स आणि ओकामोटो, दोघांनाही सापडलं की 5बी हे गुणसूत्र काढून टाकलं की चुलते एकमेकांशी जोड्या करायला लागतात. म्हणजे 5बी च्या लांब बाजूवर असं काहीतरी आहे जे सगळ्यांना सांगतं की ज्याने त्याने आपल्या जोडीदाराशीच, त्याला पीएच1 म्हणतात. काकूंचं कोठ्यांच्या मापांवर लक्ष असतं ना, अगदी तसं. ते माप बदललं की जुन्या दुकानासारखा बाफला होतो. आणि गंमत म्हणजे याच पीएच1 चा बिघडलेला प्रकार वापरून शास्त्रज्ञ मुद्दाम रानटी गवतांतले तांबेरा रोखणारे जीन गव्हात आणतात, काही वेळ पहारा उठवून, काम झालं की पुन्हा लावून. नव्याने प्रयोगशाळेत 28 वाला आणि टॉशी गवत जोडून जो सिंथेटिक गहू करतात त्यात मात्र पहिल्या काही पिढ्यांत 41, 43 असे आकडे पुष्कळ दिसतात, पीएच1 असूनही, घडी बसायला वेळ लागतो.

मालवीला हे एवढं जमत नाही. चार हात, सहा नाही. एक कमी झालं की मालवीचं झाड जास्त कुरकुरतं, आणि पूर्ण जोडी गेली तर बहुतेक संपलंच. म्हणून मालवीत कधी 27 मोजायला मिळालं तर मला कळवा, खरंच कळवा, मला बघायचंय.

उसाचंही सांगणार होते पण थोडक्यात, आजच्या उसात 100 ते 130 काहीही असू शकतं, एकाच जातीच्या नावाखाली नाही पण जातीजातीत, आणि त्याला फरक पडत नाही कारण आपण त्याची कांडी लावतो, बी नाही, वाटणीची वेळच येत नाही. सराफ्यात थंडीत जो गराडू तळून जीरावन टाकून देतात त्याचंही तसंच, 40, 60, 80 तिन्ही आकड्यांचे गराडू असतात, कंद लावला की झालं.

परत चक्की. तक्रारी पण लिहायला हव्यात. रविवारी सकाळी जाऊ नका, दीड तास नंबर लागतो आणि घाईत दळलेलं पीठ इतकं गरम येतं की डब्यात लगेच झाकण लावलं तर घाम धरतं, घरी आणून परातीत पसरून थंड करा. जाडसर हवं असेल तर "बाफल्याचं" असं स्पष्ट सांगा, पोराला नुसतं जाड म्हटलं तर दलियाच करून देतो, एकदा माझा चार किलोचा दलिया झाला, काकांनी तो परत घेतला आणि दुसरा गहू दळून दिला हेही सांगते. दळणाचे पैसे आजूबाजूपेक्षा किलोमागे एखाद-दोन रुपये जास्त आहेत, मला चालतं. खपली वर्षातून तीन-चार महिनेच असते, विचारून जा. लोकवन चांगला आहे पण पोळ्या मऊसूत हव्यात तर शरबती घ्या, त्यात भाव करू नका, होत नाही. आणि मालवी वर्षाचा भरणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये नवीन माल येतो तेव्हा कट्टा (पोतं) सांगून ठेवा, काका नंबर लिहून चिठ्ठी देतात, मी ती चिठ्ठी कोठीत गव्हावरच ठेवते.

पाचात साडेचार. अर्धा त्या रविवारच्या रांगेचा.

41 वाल्या दाण्याचं एकच मूळ आम्ही कापलं होतं, बाकी मुळांसकट तो शाळेच्या गच्चीवर कुंडीत लावलाय. आता पोटरी धरलीय. काकूंना सांगितलं की तुमच्या लोकवनमधला एक दाणा असा निघाला, तर आधी त्या घाबरल्या, "ताई, काही वाईट आहे का त्यात?" मग सगळं समजावलं तेव्हा म्हणाल्या ओंबी आली की मला आणून दाखवा, मग दाणे मोडा. ओंबीतल्या प्रत्येक दाण्याचं एकेक मूळ मोजायचं ठरलंय, मुलीने वहीत रकाने आखून ठेवलेत, 42, 41, 40.